रिसीव्हर उचलायचा नाही

"आई, मघापासून डोळ्यांपुढं काजवे चमकल्यासारखं होतंय," प्रतिक्षा म्हणाली. मी बोलायला गेले, तर तिनं विषय झटकून टाकला. "ते जाऊ दे. तू आता फोन ठेव आणि मशीनवरून लाव. एकदा चालू झालं की रिसीव्हर उचलायचा नाही. काहीपण झालं तरी नाही."

मी फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवरून लावला. मोडेमनं नेहमीसारखा आरडाओरडा केला, मग तो गप्प झाला आणि त्याचे तांबडे दिवे लुकलुकायला लागले. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तेव्हापासून मी या खुर्चीत बसून आहे. घरात मी एकटीच आहे, हे कारखान्यावर रात्रपाळीला गेलेत. आणि काजवे हा शब्द काही केल्या डोक्यातून जात नाही.

माझी लेक इंदापूरजवळ सासरी आहे, मी बारामतीला. तिला आठवा महिना चालू आहे. पहिलटकरीण. आठ दिवसांपूर्वी जावईबापू अजितराव तिला इंदापूरला दाखवून आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की रक्तदाब थोडा वाढलाय, मीठ कमी करा, आणि डोकं फार दुखलं किंवा डोळ्यांना काही वेगळं वाटलं तर रात्र असो की दिवस, लगेच या. हे मला अजितरावांनीच फोनवर सांगितलं. प्रतिक्षानं नाही सांगितलं. ती असलं कधी सांगत नाही.

आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकला राहत होतो तेव्हा माझी धाकटी जाऊ फुलाबाई अशीच आठव्यात होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, डोळ्याम्होरं चमकतंय वो." सासूबाई म्हणाल्या, धूर लागला असंल, जरा बाहेर बस. ती बाहेर जाऊन बसली. पहाटे तिला झटके आले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही, आणि बाळही नाही.

हातात काही नसलं तर हा हात फोनकडं जाईल, म्हणून लिहायला घेतलंय. आणि आज रात्री दुसऱ्या कुणाबद्दल मला लिहिता यायचं नाही.

प्रतिक्षा लहानपणापासून आगाऊच. कोऱ्हाळ्यात आमच्या आळीतल्या कोंबड्या दिवसभर एकमेकींच्या परड्यात हिंडायच्या, आणि संध्याकाळी कुणाची कुठली यावरून बायकांची रोजची भांडणं. मग कुणीतरी हाक मारायचं, "ए प्रतिक्षा, ये गं बाई, निवाडा कर." ही फ्रॉकला हात पुसत यायची आणि सांगायची, ही साखरबाईंची, हिची डावी नखी मोडकी आहे, आणि ती तुमची, ती आज सरपणात अंडं घालून आलीय. कुणी तिला खोटं पाडलेलं मला आठवत नाही. कोंबड्यांवरून ती माणसांवर गेली. कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाचा मुलगा कुठल्या शाळेत मास्तर लागला, कुणाच्या घरात सून का टिकत नाही, हे सगळं तिला माहीत असायचं. यांना ते आवडायचं नाही. "पोरगी आहे का पोलीस पाटील?" म्हणायचे.

बी. कॉम. झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हट्टानं घरात मशीन आणायला लावलं. त्याच वर्षी तिला बघायला पाहुणे येऊ लागले. पोहे करून करून माझे हात दुखायचे आणि ती प्रत्येक वेळी पाहुणे गेले की आत येऊन म्हणायची, "आई, ह्यांनी मला चालून दाखवायला लावलं. त्याला कुणी चालायला लावलं का? लंगडा असला म्हंजे?" अजितराव आले तेव्हा तिनं सगळ्या बैठकीत, चुलते-मामांसमोर, सरळ विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?"  अजितराव लाल झाले. मग म्हणाले, "चहा येतो. म्हणजे, दूध असलं तर." त्यांची आई, आक्काबाई, पदर तोंडाला लावून इतक्या मोठ्यानं हसल्या की बाकीच्यांनाही हसावंच लागलं. "खरं बोललं बगा माझं पोरगं! काळा चहाबी येत न्हाय त्येला!" लग्न त्या हसण्यावर जमलं.

सूचीची कल्पना तिला त्या पोह्यांवरूनच सुचली. आपल्या समाजाचा वधू-वर मेळावा दर वर्षी दिवाळीनंतर भरतो आणि त्यासाठी एक सूची छापतात. त्यात मुलींपुढं रंग, उंची, शिक्षण, गृहकृत्यदक्ष; आणि मुलांपुढं जमीन, नोकरी. प्रतिक्षानं मेळाव्याच्या अप्पांना गाठलं. अप्पा म्हणजे समितीचे जुने कारभारी, तोंडानं फटकळ, पण शब्दाला पक्के. ती म्हणाली, या वर्षीची सूची मी करते, फुकट करते, पण प्रश्न माझे. मुलामुलींना एकच प्रश्न. घरात पहिलं कोण उठतं, स्वयंपाक येतो का, लग्नानंतर शिकायचं किंवा शिकवायचं आहे का, व्यसन काय, आजार काय. अप्पा म्हणाले, "पोरी, ही सूची हाय का झडती?" ती म्हणाली, "आजवर आमची झडती झाली, अप्पा. एक वर्ष त्यांचीबी होऊ द्या." अप्पांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "कर. न्हाय जमलं तर जुना साचा हायेच."

मग ती अजितरावांच्या टेम्पोत बसून गावोगाव फिरली. भाजी उतरवायची आणि माणसं गोळा करायची. नरसिंहपूरला देवदर्शनाला आलेल्या लोकांना तिनं संगमाच्या घाटावर गाठलं. कागद भरून घ्यायची, पण कागदावर लोक काय लिहिणार? निम्मे रकाने कोरे. खरं सगळं बोलण्यातून यायचं, चहा घेता घेता, आणि घरी आल्यावर ती ते आठवून मशीनवर घालायची. डाळजला एका घरात मुलगी दारामागं उभी होती. नाव विचारलं तर बापानं सांगितलं, नकोशी. चार बहिणींवरची. प्रतिक्षानं विचारलं, "सूचीत हेच घालू का?"  दारामागून आवाज आला, "दुसरं घातलं तर चालंल का ताई?" 

"कुठलं घालू?" 

 मग ती म्हणाली, "प्रगती घाला. आमच्या वर्गात हुती एक." 

बापानं मान हलवली, हो की नाही ते कुणालाच कळलं नाही. प्रतिक्षानं घरी येऊन प्रगती घातलं. डाळजच्या त्या मुलीचं ते नाव कुठल्याही कागदावर नाही. असं बरंच काही कागदावर नाही, फक्त मशीनमध्ये आहे. म्हणून ती त्या मशीनला जिवापाड जपते.

लग्नानंतर तिचं पहिलं मशीन आमच्याकडंच राहिलं आणि अजितरावांनी तिला दुसरं घेऊन दिलं. तिनं ठरवलं, की तिकडं केलेलं काम दर शनिवारी रात्री फोनवरून इकडच्या मशीनवर पाठवून ठेवायचं. म्हणजे एक प्रत तिच्याकडं आणि एक माझ्याकडं. मी म्हटलं, मला ह्यातलं काय कळतंय? तिनं मला फोनवरूनच शिकवलं. "माउस फिरव, आई. टेबल नको फिरवूस." "बाण हलत नाही गं." "मग उचलून परत ठेव." "काय उचलू, टेबल?" असं चालायचं. कॉलेजात मी पदवी घेतली ती मराठी घेऊन. पण शिकले. शनिवारी जेवणं आटोपली की मशीन चालू करायचं, मोडेमची वायर फोनला लावायची, आणि तो प्रोग्रॅम उघडून वाट बघत बसायचं. दिवे लुकलुकले की मला बरं वाटायचं. आठवडाभराचं तिचं काम माझ्या घरात येऊन पडतंय, जणू तीच माहेरी आली.

तिला सातव्यात माहेरी आणायचं ठरलं होतं. ओटी भरायला मी गेले, तेव्हा गाडीही करून नेली होती. ती म्हणाली, "आई, पंधरा दिवस थांब. फोटो तेवढे चढवून घेते." पंधरा दिवसांत आठवा लागला. आमच्यात आठव्यात गर्भारणीला शीव ओलांडू देत नाहीत; जवळच्या दवाखान्यापुरती तेवढी सूट. सातव्यात न्यायची, नाहीतर नवव्यात. आक्काबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "विहीणबाई, राग मानू नगा. आठवा लागलाय. आता न्यायची ती नवव्यातच. हितं काय कमी न्हाय तिला." मी हो म्हटलं. आमच्या घरातही तेच पाळत आलेत. प्रतिक्षाला तर आनंदच झाला. तिला एक महिना मिळाला.

मग खंडेनवमी आली.

अजितरावांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता शेती आणि टेम्पो आहे, मेंढरं चार-दोनच राहिलीत, पण लोकर कातरायची जुनी कातर आक्काबाईंनी तेल लावून जपून ठेवलीय. खंडेनवमीला ती कातर, विळे, खुरपी, टेम्पो, सगळ्यांची पूजा होते. प्रतिक्षानं आधीच सांगून ठेवलं होतं, "आत्या, माझ्या मशीनला हळदीकुंकू लावा हवं तर, पण पाणी शिंपडू नका." आक्काबाईंनी शब्द पाळला. पाणी शिंपडलं नाही. पण सगळ्या अवजारांना नारळ, आणि ह्यालाच नको? "ह्येनं काय कुणाचं घोडं मारलंय?" असं म्हणून त्यांनी जमिनीवर ठेवलेल्या त्या डब्याशेजारच्या फरशीवर नारळ वाढवला. सुनेनं दिवस दिवस राबवलेलं अवजार म्हणून जोरात वाढवला. नारळ फुटला चांगला, सरळ दोन भकलं झाली. पाणी मात्र मागच्या जाळीतून आत गेलं. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर प्रतिक्षानं बटण दाबलं आणि खोलीत जळका वास सुटला.

पुण्याहून माणूस आणला. तो म्हणाला, आतली हार्ड डिस्क गेली, त्यात होतं ते विसरा. नवी घालून देतो. आक्काबाई दारात बसून डोळ्याला पदर लावून रडत होत्या. प्रतिक्षा त्यांना म्हणाली, "आत्या, तुम्ही तीस वर्षं कातरीला जो मान दिला तो ह्याला दिला. ह्यात रडायसारखं काय हाय? माझ्या आईकडं दुसरी प्रत हाय." हे मला अजितरावांनी सांगितलं. मला तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कापत होता. "आई, तुझ्याकडचं उघडून बघ. आत्ता बघ. डाळजची प्रगती आहे का बघ." मी शोधलं. होती. पुढं सगळेच होते.

आता ते तिकडं पोचवायचं होतं, कारण छापखान्याला लागतं तसं करून देणं तिलाच येत होतं. मी म्हटलं, मी फ्लॉप्या घेऊन येते. ती म्हणाली, तू आलीस की माझे पाय बघून रडत बसशील, आत्यांशी भांडशील, त्यापेक्षा एसटीच्या ड्रायव्हरजवळ दे. आमच्याकडं औषधं, चष्मे, लग्नाचे ब्लाउज, सगळं असंच ड्रायव्हरजवळ जातं. मी पुडकं बांधून दिलं. ड्रायव्हर बिचारा भला माणूस, गर्दीत तुडवलं जाऊ नये म्हणून त्यानं ते आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवलं. इंदापूर येईपर्यंत फ्लॉप्या पापडासारख्या वाकल्या होत्या. अजितरावांनी विचारलं तर तो म्हणाला, "आवं, उबीला ठिवल्यात की. गाराठ्यानं खराब हुत्यात ना?"

मग फोनवरूनच पाठवायचं ठरलं. फोटोंसकट सगळा एकच गठ्ठा, आणि मधे लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या रात्री निम्मं गेलं आणि तुटलं. आक्काबाईंना झोप येत नव्हती, त्यांनी बाहेरच्या खोलीतला फोन उचलला होता. दुसऱ्या दिवशी मलाच तक्रार, "विहीणबाई, रातभर कोनतरी मुडदा शिट्ट्या मारतोय फोनवर! सुना-लेकी असल्याल्या घरात ह्ये बरं हाय का?" मी हसले. त्याही हसल्या, नंतर, कळल्यावर. त्यानंतर दोन दिवस तिकडं वीज नव्हती.

आणि आज अप्पांचा निरोप आला. छापखान्यात दिवाळीची गर्दी आहे, उद्या सकाळी आपला माणूस इंदापूरहून सूची घेऊन पुण्याला जाणार. "उद्या सकाळी हातात न्हाय पडली, तर आमी जुन्या साच्यात छापणार. मग आमाला म्हनू नगा." रंग, उंची, गृहकृत्यदक्ष. अप्पा चेष्टा करत नाहीत.

म्हणून आजची रात्र.

संध्याकाळी आधी आक्काबाईंशी बोलणं झालं. त्या सांगत होत्या, "पाय लई सुजल्यात पोरीचं. जोडवी रुतली हुती. त्याल लावून, दोरा गुंडाळून काढली बया. मी म्हनलं, सवाष्णीचं पाय मोकळं नकोत, म्हून हिरवा दोरा बांधलाय." त्या हे अशा आवाजात सांगत होत्या की जणू अडचण सुटली.  मी म्हटलं, अजितराव कुठं आहेत? "त्यो टमाटं घिऊन पुन्याला गेला की. फाटं यील." मग प्रतिक्षा फोनवर आली. डोकं दुखतंय का, म्हटलं. "दुखतंय थोडं. दिवसभर स्क्रीनपुढं बसले म्हणून." उलटी? "एकदा झाली. आत्यांनी मिरचीचं पिठलं केलं होतं." आणि मग ते काजव्यांचं. मी म्हटलं, प्रतिक्षा, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "अगं, सकाळी अप्पांचा माणूस आला की सूची देते आणि त्याच पावली दवाखान्यात जाते. तुझी शपथ. फक्त आजची रात्र. पुढच्या वर्षी कडेवर पोर घेऊन मला पुन्हा गावोगाव फिरता येणार नाही आई. आजचं गेलं तर गेलंच."

आणि ठेवता ठेवता म्हणाली, "आज आत्या परत फोन उचलतील म्हणून बाहेरचा फोन काढून ठेवलाय. आणि खोलीला आतून कडी लावून घेते. त्यांनाही सांगितलंय, सकाळपर्यंत दार वाजवायचं नाही."

आक्काबाई मेंढरांकडच्या सोप्यात झोपतात. एक मेंढी व्यायलीय, थंडीत कोकराजवळ कुणीतरी हवं. झोप लागली की त्यांना ढोल वाजवूनही जाग येत नाही, हे त्या स्वतःच कौतुकानं सांगतात.

मी उठून पाणी प्यायले. पुन्हा येऊन बसले. पट्टी निम्म्याच्या थोडी पुढं गेलीय.

चौकातला पीसीओ बंद आहे. मी मघाशी दार लोटून बघून आले, शटर खाली. आळीत आणखी एक फोन आहे तो शेजारच्यांकडं, आणि ते दसऱ्याला गावी गेले ते अजून आलेले नाहीत. यांच्या कारखान्याला फोन लावायचा तरी याच तारेवरून लावायला हवा.

खरं सांगायचं तर इतका वेळ मी त्या दिव्यांच्या जिवावर बसले होते. लुकलुकतायत ना, म्हणजे चाललंय. पट्टी सरकतेय ना, म्हणजे तिकडं प्रतिक्षा बसलीय, तिच्याही पडद्यावर अशीच पट्टी सरकतेय, तीही माझ्यासारखीच जांभई देत बघतेय. मधे एकदा दिवे थांबल्यासारखे झाले, आणि ते परत लुकलुकले तेव्हा मी हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे. पोरगी धडधाकट असल्याची खूण मिळाली, असं वाटलं मला.

लिहिता लिहिता आत्ता ध्यानात आलं, की तसं काही नाही.

दर शनिवारी ती तिकडून पाठवायची तेव्हा मी इथं काय करायचे? वाट बघायचे, दिवे सुरू झाले की स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचे, देव झाकायचे. कधी पलंगावर आडवी व्हायचे आणि डोळा लागायचा. इकडचं मशीन आपलं घ्यायचं काम करत राहायचं. त्याला माझी काही गरज नव्हती. तिनंच शिकवलं होतं मला, "तू बसून राहू नकोस आई, त्याचं ते घेतंय." तसंच तिच्याकडचं मशीनही त्याचं ते घेतंय. ती खुर्चीत बसली असली तरी घेईल. ती खुर्चीतून खाली पडली असली, दातखीळ बसली असली, कडी लावलेल्या दाराआड तिला झटके येत असले, तरी हे दिवे असेच लुकलुकत राहतील. पट्टी पूर्ण होईल. सगळी मुलं-मुली सुखरूप पोचतील, आणि मी इथं हात जोडून बसलेली असेन.

हे लिहिलं आणि परत एकदा वाचून बघितलं. 

मन दोन्हीकडून ओढतंय. समजा ती ठीक आहे. समजा फोन वाजल्यावर ती उठून बसली, आणि तिनं बघितलं की आईनं तार तोडली. उद्या अप्पांचा माणूस रिकाम्या हातानं जाईल. पुस्तक छापून येईल, त्यात डाळजची पोरगी नकोशी म्हणूनच असेल, नाहीतर नसेलच. प्रतिक्षा मला बोलणार नाही. तिला राग आला की ती बोलत नाही, आतल्या आत ठेवते, लहानपणापासून तसंच आहे. बाळंतपणाला येईल, खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपेल, आणि मी शेक-शेगडी करत राहीन. तिचे वर्षभराचे कष्ट माझ्या एका भीतीनं गेले, असं ती म्हणणार नाही, पण तिच्या डोळ्यांत ते मला दिसेल. कदाचित कायमचं.

दिसू दे. डोळे उघडे असले म्हणजे झालं.

तिला फोन करायचा नाही, हेही आत्ताच ठरवतेय. तिला केला तर ती काय म्हणणार ते मला पाठ आहे. "मी ठीक आहे, तू कशाला तोडलंस?" आणि तिचा आवाज ऐकला की मी विरघळेन, पुन्हा पहिल्यापासून लावून देईन. आक्काबाईंपर्यंत आवाज पोचायचा नाही. फोन करायचा तो दादासोंना. अजितरावांच्या मळ्याच्या बांधाला लागूनच दादासोंची वस्ती आहे. त्यांची जीप आहे आणि फोनही आहे. लग्नात ते वराकडून सगळ्यात पुढं नाचत होते. रात्री-अपरात्री उठवलं म्हणून ते रागावतील, रागावू देत. त्यांना सांगायचं, दादासो, जीप काढा. दार वाजवा, नाही उघडलं तर कडी तोडा. ती काहीही म्हणाली तरी ऐकू नका, उचला आणि इंदापूरला डॉक्टरीणबाईंकडं न्या. त्यांनी पुढं पुण्याला न्यायला सांगितलं तर पुण्याला न्या. आक्काबाई म्हणतील आठव्यात शीव ओलांडायची नाही, तर त्यांना म्हणावं, तुमच्या विहिणीनं ओलांडायला सांगितलीय, दोष लागला तर माझ्या डोक्यावर.

पट्टी आणखी थोडी सरकलीय. दिवे लुकलुकतायत.

मोडेमची वायर मी उपटणार आहे, फोनची परत लावणार आहे, आणि दादासोंचा नंबर फिरवणार आहे.